एका विश्वाचा हट्ट

विज्ञानकथा वाचणाऱ्यांमध्ये एक उद्योग फार वर्षांपासून चालत आला आहे आणि मी त्याचा उघड पक्षपाती आहे. वेगवेगळ्या काळात, बऱ्याचदा वेगवेगळ्या लेखकांनी लिहिलेल्या दोन कथा प्रत्यक्षात एकाच विश्वात घडल्या आहेत असे गृहीत धरायचे आणि ते गृहीतक त्या कथांमधल्याच पुराव्यांवर टिकते की कोसळते हे पाहायचे, असा हा उद्योग. हल्ली त्याला फॅन थिअरी म्हणतात. आमच्याकडे नुसते 'जोडणी' म्हणण्याचा प्रघात पडला आहे आणि या लेखातही मी तोच शब्द वापरतो. साहित्याचा गंभीर अभ्यास करणारी काही मंडळी या प्रकाराला पोरखेळ समजतात. मला ते मुळीच मान्य नाही. जोडणी करायची तर तारखा, पात्रांची वये, पडद्याच्या कोपऱ्यातले फलक, कुणीतरी जाता जाता उच्चारलेले एखादे वाक्य असे एरवी नजरेतून निसटणारे सारे काही पुन्हा तपासून घ्यावे लागते, आणि अशा वाचनातून लेखकाने स्पष्ट न सांगितलेल्या, पण कथेत असलेल्या कितीतरी गोष्टी हाती लागतात.

बेळगावात शहापूर भागात एका स्नेह्यांच्या माडीवर रविवारी सकाळी आमचे वाचनमंडळ बसते. खानापूर आणि निपाणीकडून येणारी अभियांत्रिकीची मुले-मुली, काही निवृत्त शिक्षक, बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ आणि कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारा मी, असा हा मेळा आहे. कुणाचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले, कुणाचे कन्नड, कुणाचे इंग्रजी. एकच कादंबरी तिघांनी तीन भाषांतून वाचलेली असते, त्यामुळे 'मूळ पुस्तकात नेमके काय लिहिले आहे?' हा प्रश्न आमच्याकडे दर बैठकीत निघतो. जोडणीच्या कामात याहून उपयोगी प्रश्न दुसरा नाही.

चांगली जोडणी कोणती, याविषयी माझे मत पक्के झाले आहे. दोन कथांची सोयरीक जुळवायची तर दोन्ही घरांचे भले झाले पाहिजे. पहिल्या कथेत जे अडखळत होते ते दुसरीमुळे मोकळे व्हावे, दुसरीत जे रिकामे होते ते पहिलीमुळे भरून यावे, आणि या व्यवहारात दोहोंपैकी कोणत्याही कथेचा गाभा बिघडू नये. एवढ्या अटी लावल्या की प्रसिद्ध जोडण्यांपैकी बहुतेक गळून पडतात.

सर्वांत आधी गळतात त्या वस्तूंवर उभ्या असलेल्या. 'प्रेडेटर २' या १९९० सालच्या चित्रपटात शिकाऱ्याच्या यानात ओळीने मांडलेल्या कवट्यांत 'एलियन'मधल्या प्राण्याची कवटी दिसते. 'फायरफ्लाय' मालिकेच्या सुरुवातीच्या लढाईत एका तोफेच्या पडद्यावर 'एलियन' मालिकेतल्या वेलँड-युटानी कंपनीचे चिन्ह येते. १९९९ सालच्या 'स्टार वॉर्स' चित्रपटात आकाशगंगेच्या सिनेटमध्ये 'ई.टी.' या चित्रपटातल्या परग्रहवासी ई.टी.च्या जातीचे प्रतिनिधी बसलेले आहेत. या खुणा म्हणजे चित्रपट करणाऱ्यांनी एकमेकांना केलेले रामराम आहेत आणि त्या पाहताना आनंदच होतो, पण त्यांवर विश्व उभे राहत नाही. ई.टी.चे उदाहरण तर स्वतःलाच छेद देते. १९८२ च्या 'ई.टी.'मध्ये रस्त्यावरचे एक मूल 'स्टार वॉर्स'मधल्या योडाच्या वेशात हिंडताना दिसते, म्हणजे त्या जगात 'स्टार वॉर्स' हा एक चित्रपट आहे. मग ज्या सिनेटमध्ये ई.टी.चे भाऊबंद बसतात ती सिनेट खरी मानायची की पडद्यावरची?

साखळीने जोडत जाणाऱ्यांचेही असेच होते. 'सेंट एल्सव्हेअर' ही अमेरिकन रुग्णालयाची मालिका १९८८ मध्ये संपली तेव्हा शेवटच्या प्रसंगात असे सुचवले गेले, की सारे कथानक टॉमी वेस्टफॉल नावाच्या एका स्वमग्न मुलाच्या मनात घडले. या मालिकेतली पात्रे इतर मालिकांत डोकावली होती, त्या मालिकांतली आणखी तिसऱ्यांत, असे करत चाहत्यांनी टॉमीच्या डोक्यात अमेरिकन दूरचित्रवाणीचा मोठा भाग कोंबला. 'एक्स फाइल्स'सुद्धा त्यातून सुटली नाही. चिकाटी म्हणून हे विलक्षण आहे. परंतु या जोडणीनंतर 'एक्स फाइल्स'मधला कोणताही प्रसंग आपल्याला वेगळा दिसत नाही, आणि माझ्या दृष्टीने तिची किंमत तिथेच ठरते.

याच्या अगदी उलट टोकाला 'एलियन' आणि 'ब्लेड रनर' यांची जोडणी आहे. दोन्ही चित्रपट रिडली स्कॉटचे, पहिला १९७९ चा, दुसरा १९८२ चा. पुरावा म्हणून नेहमी पुढे केला जातो तो एक लहानसा पडदा. 'एलियन'च्या अखेरीस नायिका रिप्ली सुटकेच्या छोट्या यानातून निघते तेव्हा समोरच्या पडद्यावर जी 'पर्ज' अशी अक्षरे झळकतात, तेच चित्र 'ब्लेड रनर'मध्ये पोलिसांची उडती गाडी जमिनीवरून उठताना डॅशबोर्डवर दिसते. आमच्या मंडळातल्या मुलांनी ती दोन्ही दृश्ये लॅपटॉपवर थांबवून शेजारी शेजारी लावून दाखवली. अक्षरांची ठेवण तीच, रंगांची चौकट तीच. तयार असलेले चित्र पुन्हा वापरले, याहून त्यात अधिक काही असेलच असे नाही, आणि केवळ एवढ्यावर मी ही जोडणी स्वीकारली नसती.

तिला बळ येते ते कृत्रिम माणसांमुळे. 'ब्लेड रनर'मधले रेप्लिकंट रक्तामांसाचे आहेत. त्यांचे आयुष्य चार वर्षांचे ठेवलेले आहे, पृथ्वीवर त्यांना बंदी आहे आणि सापडल्यास त्यांना ठार करण्यासाठी पोलिसांचे वेगळे पथक आहे. ही कथा २०१९ सालात घडते. 'एलियन' त्यानंतर शतकभराने, २१२२ मध्ये घडतो, आणि त्यातला विज्ञान अधिकारी अ‍ॅश हा आतून तारा आणि पांढऱ्या द्रवाने भरलेला आहे. वरवर पाहता हे जोडणीच्या विरुद्ध जाते, कारण शंभर वर्षांपूर्वी जिवंत मांस घडवणाऱ्यांनी पुन्हा तारा आणि नळ्यांकडे का वळावे? पण रेप्लिकंटांचा इतिहास मागे ठेवला की याचे उत्तर मिळते. बंड, बंदी आणि शिकार यांतून तो मार्ग बंद झाला आणि दुसऱ्या कंपनीने दुसऱ्या मार्गाने कृत्रिम माणूस घडवला. 'प्रॉमेथियस' (२०१२) या चित्रपटाच्या ब्लू-रे संचात वेलँड कंपनीचा संस्थापक पीटर वेलँड याच्या नावाचा एक मजकूर आहे, त्यात तो आपल्या एका जुन्या गुरूविषयी बोलतो, ज्याने पिरॅमिडसारख्या इमारतीत बसून जनुकांपासून माणसे घडवण्याचा हट्ट धरला आणि त्यातच त्याचा अंत झाला. 'ब्लेड रनर' पाहिलेल्या कुणालाही रेप्लिकंट घडवणारा टायरेल आठवल्याशिवाय राहणार नाही. 'एलियन'च्या डीव्हीडीवर कप्तान डॅलसची जी सेवापुस्तिका दिली आहे तिच्यातही पूर्वीच्या नोकरीत टायरेल कंपनीचे नाव आहे.

आता दोन्ही घरांना काय मिळाले ते पाहू. अ‍ॅश कृत्रिम आहे हे त्याच्या सहकाऱ्यांपासून का लपवले गेले, याचे कारण 'एलियन'मध्ये कंपनीचा कपटी हेतू एवढेच आहे. रेप्लिकंटांच्या शिकारीची आठवण असलेल्या जगात मात्र ही लपवाछपवी साऱ्या समाजाच्या भीतीतून आलेली दिसते, आणि १९८६ च्या 'एलियन्स'मध्ये बिशप हा कृत्रिम माणूस आपल्याला 'कृत्रिम व्यक्ती' म्हटलेले बरे असे नम्रपणे सुचवतो तेव्हा त्या नम्रतेमागे शतकाचा इतिहास उभा राहतो. 'ब्लेड रनर'ला मिळते ते याहून मोठे आहे. त्या चित्रपटात शहरावर तरंगणारे जाहिरातीचे यान परग्रहावरच्या वसाहतींत नवे आयुष्य मिळेल असे अखंड ओरडत असते, पण त्या वसाहती आपल्याला एकदाही दिसत नाहीत. 'एलियन'मध्ये त्या नव्या आयुष्याचे खरे रूप दिसते. दोन कोटी टन खनिज ओढून नेणारे यान, त्यावर सात माणसे, बोनसच्या वाट्यावरून चाललेली कुरबूर आणि माणसे गमावली तरी चालेल असा कंपनीचा गुप्त आदेश. जाहिरात एका चित्रपटात आहे आणि तिच्यावर विसंबून निघालेली माणसे दुसऱ्यात. ही जोडणी ज्याच्या मनात बसली, त्याला तो जाहिरातीचा आवाज पुन्हा पूर्वीसारखा ऐकू येत नाही. 'ब्लेड रनर'चे सहलेखक डेव्हिड पीपल्स यांनी 'सोल्जर' हा १९९८ चा चित्रपट लिहिताना तोही त्याच विश्वात ठेवला आणि नायकाने लढलेल्या लढायांत 'ब्लेड रनर'मध्ये उल्लेख असलेल्या टॅनहाउझर गेटचे नाव घातले, हे जाता जाता नोंदवतो.

चाहत्यांनी केलेली जोडणी आणि लेखकाने स्वतः केलेली जोडणी यांत दुसरी अधिक प्रमाण, असा समज सर्वत्र आहे. आयझॅक असिमोव्हच्या बाबतीत मला तो सरसकट लागू करता येत नाही. त्याच्या रोबो-कथा १९४० मध्ये सुरू झाल्या, 'फाउंडेशन' १९४२ मध्ये. दोन मालिका एकमेकींपासून पूर्ण स्वतंत्र होत्या; फाउंडेशनच्या आकाशगंगेत रोबो नावालाही नव्हते. जवळपास तीस वर्षांच्या खंडानंतर १९८२ मध्ये 'फाउंडेशन्स एज' आले आणि पुढच्या काही वर्षांत असिमोव्हने रोबो, साम्राज्य आणि फाउंडेशन ही तिन्ही दालने एकत्र केली.

त्या कामातले काही दुवे निखालस सुंदर आहेत. साम्राज्याच्या दालनातल्या, १९५० च्या 'पेबल इन द स्काय'मध्ये पृथ्वी किरणोत्सारी झालेली आहे आणि त्यामागे अणुयुद्ध असावे असा समज आहे. अणुबाँबच्या छायेत लिहिलेल्या कादंबरीला ते साहजिक होते, पण भौतिकशास्त्राच्या दृष्टीने त्यात अडचण होती: हजारो वर्षे टिकणारा तो किरणोत्सार आणि त्याच मातीवर चाललेला माणसांचा संसार यांचा मेळ बसत नव्हता. १९८५ च्या 'रोबोट्स अँड एम्पायर'मध्ये असिमोव्हने कारणच बदलले. पृथ्वीच्या कवचातल्या युरेनियम-थोरियमच्या ऱ्हासाचा वेग मुद्दाम वाढवला जातो, किरणोत्सार सावकाश वाढत जातो, आणि माणसांनी पृथ्वी सोडून आकाशगंगेत पसरावे म्हणून जिस्कार्ड हा रोबो ते घडू देतो. जुन्या कादंबरीतली चूक दुरुस्त झाली, नव्या कादंबरीला नैतिक पेच मिळाला. दुसरा दुवा इतका हलका आहे की पुष्कळांच्या लक्षात येत नाही. असिमोव्हच्या आकाशगंगेत परग्रहवासी का नाहीत? खरे कारण संपादक जॉन कॅम्पबेल यांच्या आग्रहाशी जोडलेले होते. माणूस नेहमी वरचढ ठरावा असे त्यांना वाटे, म्हणून असिमोव्हने परग्रहवासीच टाळले. 'फाउंडेशन्स एज'मध्ये मात्र एक पात्र दंतकथा सांगते, की काळाबाहेर राहणाऱ्या कुणीतरी असंख्य शक्य विश्वांतून मानव एकटाच असलेले विश्व निवडले. 'द एंड ऑफ इटर्निटी' (१९५५) वाचलेल्याला ही दंतकथा कुठून आली ते कळते, न वाचलेल्याचे काही बिघडत नाही.

पण डॅनील ऑलिव्हॉचे काय करायचे? 'फाउंडेशन अँड अर्थ'मध्ये (१९८६) कळते, की वीस हजार वर्षे हा रोबो चंद्रावरून मानवजातीची काळजी वाहत होता आणि इतिहासाच्या मोठ्या वळणांमागे त्याचा हात होता. मूळ 'फाउंडेशन'चा सारा थरार या कल्पनेत होता, की वायूच्या एका रेणूची दिशा सांगता येत नसली तरी वायूचा दाब सांगता येतो, तसे एका माणसाचे वर्तन अनिश्चित असले तरी अब्जावधींच्या समाजाचे भवितव्य गणिताने मांडता येते. त्या मालिकेतल्या 'दुसरे फाउंडेशन' या गुप्त संस्थेच्या मनोवैज्ञानिकांनी पडद्याआडून सूत्रे हलवली हे खरे, परंतु ते माणसेच होते आणि गणिताच्या योजनेचे राखणदार होते. डॅनील आल्यावर ते गणित एका दयाळू पालकाच्या योजनेचा तपशील होऊन बसते. लेखकाला तसे करण्याचा पूर्ण अधिकार होता, आणि मी मात्र पहिली तीन पुस्तके डॅनीलविनाच वाचतो. वर्गात वायूचा गतिज सिद्धांत शिकवताना मी मुलांना तीच पुस्तके वाचायला सांगतो.

फिलिप होजे फार्मर या लेखकाची गोष्ट थोडक्यात सांगायला हवी, कारण या उद्योगाचा तो मोठा पूर्वज आहे. १३ डिसेंबर १७९५ रोजी इंग्लंडमध्ये यॉर्कशायरमधल्या वोल्ड न्यूटन गावाजवळ एक अशनी पडली. वजन साधारण पंचवीस किलो. ती आजही लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे, आणि आकाशातून दगड पडू शकतात हे विद्वानांना पटवण्यात तिचा वाटा आहे. फार्मरने १९७२ आणि १९७३ मधल्या दोन पुस्तकांत असे मांडले, की त्या वेळी तिथून चाललेल्या घोडागाड्यांतल्या प्रवाशांवर अशनीच्या किरणांचा परिणाम झाला आणि त्यांच्या वंशात टारझन, शेरलॉक होम्स, डॉक सॅव्हेज अशी असामान्य माणसे निपजली. अशा दगडातून तसले किरण निघत नाहीत. तरीही ही जोडणी मला आदराची वाटते, कारण फार्मरने जोडणीचा भार खऱ्या जगातल्या एका वस्तूवर टाकला, जी आजही हाताने दाखवता येते, आणि तिच्याभोवती वंशावळी रचताना प्रत्येक कादंबरीतली सन-तारीख पाळण्याचा प्रयत्न केला.

जयंत नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले, त्यानंतर मंडळात त्यांच्या कथा पुन्हा वाचायला घेतल्या. त्यांचा जन्म कोल्हापूरचा, त्यामुळे आमच्या भागातल्या लोकांना ते नेहमी घरचेच वाटत आले. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी १९७४ मध्ये 'कृष्णविवर' ही कथा त्यांनी आपली आद्याक्षरे उलटी करून नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, हेही सगळ्यांना ठाऊक होते. मुलांनी उत्साहाने मांडणी केली, की 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेने समांतर विश्वांचे दार उघडले आहे, तेव्हा नारळीकरांच्या सर्व कथा त्याच बहुविश्वाच्या निरनिराळ्या शाखा समजाव्यात. मी विरोध केला. ज्या तत्त्वाने कोणतीही कथा कोणत्याही कथेला जोडता येते, त्या तत्त्वाने जोडल्यावर कुठल्याच कथेविषयी काही कळत नाही. भौतिकशास्त्रातही सगळे स्पष्ट करणारा सिद्धांत आपण याच कारणासाठी बाजूला ठेवतो.

चर्चा मात्र वाया गेली नाही. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघातानंतर अशा जगात पोहोचतात, जिथे १७६१ साली पानिपतावर विश्वासराव वाचले आणि मराठे जिंकले. इंग्रजी रूपांतरात पुण्याहून मुंबईला जाताना बोगद्यापलीकडे 'सरहद' नावाचे छोटे स्टेशन लागते; तिथे परवाने तपासले जातात, कारण पलीकडे मुंबईत इंग्रजांचा अंमल आहे. बेळगावच्या वाचकांना हे स्टेशन इतरांपेक्षा जास्त वेळ थांबवून ठेवते, आणि आमच्याकडेही त्यावर बराच वेळ गेला. शेवटी गंगाधरपंत आपल्या जगात परत येतात तेव्हा त्यांच्या खिशात बखरीचे एक फाटके पान उरलेले असते, ज्यावर विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निघून गेल्याचे छापलेले आहे. बँकेतल्या गृहस्थांनी इथे 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेची आठवण करून दिली. तिथेही माणूस नेहमीच्या मितींबाहेर जाऊन येतो, आणि पुरावा म्हणून उरते ती सोंडेची बाजू बदललेली मूर्ती. दोन्ही कथांना बांधणारा नियम असा निघतो, की पलीकडे जाऊन आलेल्याने पलीकडची तपासता येण्याजोगी वस्तू आणलीच पाहिजे. नुसत्या त्याच्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. ही जोडणी कथानकाची नाही, वैज्ञानिक लेखकाच्या पुराव्याविषयीच्या आग्रहाची आहे. मला ती बहुविश्वाच्या मांडणीपेक्षा कितीतरी मोलाची वाटते.

सध्या आमच्या मंडळात सर्वांत जास्त वाद चालू आहे तो ज्यूल व्हर्नच्या कॅप्टन निमो या पाणबुडीच्या मालकावर. भा. रा. भागवतांच्या कृपेने मराठी मुलांच्या हाती व्हर्न लवकर पडतो, पण बहुतेकांच्या मनात निमो राहतो तो 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'मधला (१८६९-७०), नाव-गाव नसलेला. व्हर्नने त्याला आधी पोलिश सरदार ठरवले होते, परंतु रशियातले वाचक दुखावतील या भीतीने प्रकाशक हेत्झेल यांनी ते होऊ दिले नाही. १८७४-७५ मधल्या 'द मिस्टीरियस आयलंड'मध्ये निमो स्वतःची ओळख सांगतो: तो बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा आणि टिपू सुलतानाचा भाचा, राजपुत्र डक्कर; १८५७ च्या उठावात तो लढला आणि पराभवानंतर वीसेक विश्वासू साथीदारांसह नाहीसा झाला. त्याच पुस्तकात व्हर्नने 'कॅप्टन ग्रँट्स चिल्ड्रन'मधला एअरटनही आणला, म्हणजे तीन कादंबऱ्या एका बेटावर आल्या.

तारखा मात्र जुळेनात. पहिल्या पुस्तकातला पाणबुडीचा प्रवास १८६७-६८ मधला आहे. दुसऱ्यात १८६८ च्या शरदात मरणासन्न निमो म्हणतो, की तो फ्रेंच प्राध्यापक, म्हणजे पहिल्या पुस्तकाचा निवेदक अ‍ॅरोनॅक्स, आपल्या नावेवर सोळा वर्षांपूर्वी आला होता. सोळा वर्षे मागे गेले की १८५२ येते, आणि तेव्हा तर १८५७ चा उठावही झालेला नव्हता. पुस्तकात एक टीप घालून, तारखांतली तफावत वाचकांच्या लक्षात येईल आणि खऱ्या तारखा आधी का दिल्या नाहीत हे पुढे समजेल, असे सांगितले आहे. प्रत्यक्षात पुढेही पूर्ण उलगडा होत नाही. एवढे असूनही ही जोडणी मी उत्तम मानतो. पहिल्या पुस्तकात श्रीलंकेच्या समुद्रात एका गरीब हिंदी पाणबुड्याला निमो शार्कपासून वाचवतो, त्याला मोत्यांची पिशवी देतो, आणि नंतर आपणही त्याच दडपलेल्या लोकांपैकी आहोत असे म्हणतो. डक्करची ओळख पटल्यावर हा प्रसंग पुन्हा वाचावा. तो जणू या उत्तरासाठीच लिहून ठेवला होता असे वाटते.

खानापूरहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने यावर जी मांडणी केली ती ऐकून माडीवर खरोखर गलबला झाला. पहिल्या पुस्तकात खलाशी आपसांत एक अनोळखी भाषा बोलतात. अ‍ॅरोनॅक्स आणि त्याचे सोबती फ्रेंच, इंग्रजी, जर्मन आणि लॅटिनमधून प्रयत्न करतात, पण समोरच्यांना काही कळल्याचे दिसत नाही. तिचे म्हणणे असे, की डक्करच्या वीस साथीदारांत आपल्या भागातली माणसे असली पाहिजेत. नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे १८५८ च्या मे महिन्यात इंग्रजांविरुद्ध उठले, पोलिटिकल एजंट मॅन्सन मारला गेला, आणि जूनमध्ये बाबासाहेबांना बेळगावात फाशी दिले गेले. त्यांच्या पळालेल्या शिपायांना कारवारचा आणि गोव्याचा किनारा जवळ होता. आणि टिपूच्या भाच्याला या मुलखात ओळखीची घरे असणे अशक्य नव्हते. नावेवरची ती भाषा म्हणजे बुंदेली, मराठी आणि कन्नड यांची सरमिसळ, असा तिचा दावा.

निवृत्त शिक्षकांनी तात्काळ पुस्तक उघडले. अ‍ॅरोनॅक्सने जाळे ओढणाऱ्या खलाशांचे वर्णन केले आहे: चेहरे युरोपीय, त्यांत आयरिश, फ्रेंच, काही स्लाव्ह, एखादा ग्रीक किंवा क्रीटचा. शिवाय महाकाय माखल्याच्या तावडीत सापडलेला खलाशी मदतीसाठी फ्रेंचमध्ये ओरडतो. नरगुंदकर कुठे आहेत? तिने शांतपणे उत्तर दिले, ''ते मेले असतील की, सर. समुद्रतळावर पोवळ्यांच्या दफनभूमीत खलाशाला पुरतात, तेव्हा तिथे आधीच्या कबरी आहेत बघा. त्या कुणाच्या?'' आणि मग नवे खलाशी नावेवर येऊन जुन्यांची भाषा शिकले असतील, असे तिने पुढे जोडले.

मला तिचे उत्तर आवडले, कारण विरुद्ध पुराव्यालाही ते सामावून घेते. आयरिश इंग्रजांखाली, स्लाव्ह रशिया किंवा ऑस्ट्रियाखाली, क्रीटचे लोक तुर्कांविरुद्ध १८६६ मध्ये उठलेले. निमो क्रीटजवळच्या समुद्रात असताना सोन्याची पेटी पाठवतो तेही याच्याशी जुळते. हरलेल्या देशांची माणसेच त्या नावेवर भरती होत होती असे मानले तर खलाशांची यादी यदृच्छेने झालेली राहत नाही. फ्रेंच खलाशी मात्र या यादीत बसत नव्हता. फ्रान्स कुणाच्या ताब्यात नव्हता. तेव्हा बँकेतल्या गृहस्थांनी लुई नेपोलियनने डिसेंबर १८५१ मध्ये सत्ता बळकावल्याची आणि त्यानंतर देशोधडीला लागलेल्या प्रजासत्ताकवाद्यांची आठवण करून दिली, आणि गंमत अशी झाली की १८५१ चा परागंदा माणूस नावेवर येण्याला निमोची ती न जुळणारी सोळा वर्षे, म्हणजे १८५२ हे साल, नेमके सोयीचे आहे. फ्रेंच खलाशी नावेला १८५२ कडे ओढतो, नरगुंदची माणसे १८५८ च्या अलीकडे येऊ शकत नाहीत. ती विद्यार्थिनी १८५८ सोडायला तयार नाही. तिच्या मते फ्रेंच माणूस सहा-सात वर्षे बंदरा-बंदरांतून भटकला आणि मग निमोला भेटला. मी तिला सांगितले आहे, की हे तिने सगळे लिहून काढावे, प्रत्येक विधानापुढे कादंबरीतले प्रकरण द्यावे, आणि माखल्याच्या प्रसंगातला तो खलाशी वयाने केवढा दिसतो याचा उल्लेख मूळ फ्रेंचमध्ये कुठे आहे का, ते आधी पाहावे.